तीन दिव्यांपुरता जनरेटर

माझ्या मायला ऐकू येत नव्हतं, पण दिवसाउजेडी ते कोणाच्या लक्षात यायचं नाही. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहायची आणि नेमकं उत्तर द्यायची. नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई किती मन लावून ऐकते. पण दिवस मावळल्यावर लाइट गेली, की ती आमच्यातून उठून गेल्यासारखी व्हायची. बसलेली असायची तिथेच, चुलीपाशी नाहीतर मधल्या खोलीत, पण तिच्यापर्यंत कोणाचं काही पोचायचं नाही.

ती जन्मापासून बहिरी नव्हती. राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर तिकडच्या मराठी राज्यात गेलं आणि आमचं बालाघाट इकडच्या हिंदी राज्यात राहिलं, त्याच सुमाराला तिला क्षय झाला. मी नुकती शाळेत जाऊ लागले होते. बाबा सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी ओळखीपाळखीने तिला दूरच्या सॅनिटोरियममध्ये जागा मिळवली. तिथे तिला कित्येक महिने इंजेक्शनं दिली. त्या इंजेक्शनांनी ती जगली आणि त्यांनीच तिचे कान गेले. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी बाबांना आधी सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, "कान गेले तं जाऊ द्या, माणूस राहू द्या."

छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने ती परत आली, तेव्हा घरी आम्ही सगळे दारात उभे होतो: आत्या, काका, दादा आणि मी. आत्या बाबांची मोठी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. काका बाबांहून लहान, कोर्टात कारकून. दादा माझ्याहून बराच मोठा. मायने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून कुजबुजून राह्यले तुमी सारे? मी का परकी आहो?"

आम्ही कुजबुजत नव्हतो. आत्या तर ओरडून रडत होती.

ओठ वाचायला तिला कोणी शिकवलं नाही. ती आपसूक शिकली, आणि तिच्यासोबत आम्हीही शिकलो. तिच्याशी बोलायचं तर समोर यायचं, तोंडावर हात ठेवायचा नाही, घास चावत बोलायचं नाही. आत्याच्या तोंडात कायम सुपारी असायची. माय तिला सरळ म्हणायची, "बाई, आधी थुका, मंग बोला." बाबांना घनदाट मिशा होत्या, एका सकाळी ते मिशा काढूनच न्हाणीतून बाहेर आले. मायने पदर तोंडाशी धरून कितीतरी वेळ हसून घेतलं. चारचौघांसारखे बाबाही मायला "ऐकलं का?" म्हणून हाक मारायचे. ती हाक आता तिला पोचणार नव्हती, आणि बाबांच्या तोंडूनही ती कधी निघाली नाही. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "पाह्यलं का?"

काही शब्द मात्र तिला चकवायचे. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. बाबा आणि मामा यांतला फरक तिला नुसत्या ओठांवरून कळायचा नाही. बोलण्याच्या ओघावरून ती तो ओळखायची. त्याला उजेड लागायचा. कंदिलाचा उजेड खालून येतो, नाकाची सावली कपाळावर जाते आणि ओठ काळे पडतात. टॉर्च तोंडावर मारला तर बोलणाऱ्याचे डोळे मिटतात, शिवाय एका वेळी एकच तोंड दिसतं. गॅसबत्तीचा उजेड चांगला होता, पण तिच्या धगीने आणि वासाने मायला खोकल्याची उबळ यायची, आणि त्या फुप्फुसांना जपायचं आहे हे डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बाबांनी खटपट करून आमच्या मोहल्ल्यात लवकर वीज घेतली. स्वयंपाकघरात, मधल्या खोलीत आणि ओसरीवर उंचावर दिवे लावले. तो उजेड वरून, सगळ्यांवर सारखा पडायचा.

संध्याकाळी आम्ही बुद्धवंदना म्हणायचो. माझ्या आजोबांनी आणि बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, तेव्हापासूनचा तो घरचा नेम. मायचा आवाज चांगला होता. कान गेल्यावर तो थोडा वर-खाली व्हायचा, पण आमच्या ओठांवर नजर ठेवून ती बरोबर चालायची, एक शब्द पुढे नाही की मागे नाही. वंदनेच्या मधेच लाइट गेली की ती एकटी पुढे जायची. आम्ही थांबलेलो असायचो आणि अंधारात तिचा एकटीचा आवाज चाललेला असायचा. मग तिलाच काहीतरी जाणवायचं आणि ती गप्प व्हायची.

आणि लाइट फार जायची. गावाला वीज नवी होती, तारा कमजोर होत्या. वारा सुटला की जायची, आणि नेमकी दिवेलागणीला जायची.

तशाच एका संध्याकाळी खैरलांजीकडून माणूस आला. मायचं माहेर तिकडचं. तिचे वडील दुपारी गेले होते. तो माणूस सायकल दारात टेकवून ओसरीवर बसला आणि त्याने काकांना सांगितलं. लाइट नव्हती. आत्याने ऐकलं आणि तोंडात पदर कोंबला. दादा उठून उभा राहिला. बाबा कालव्याच्या कामावर गेले होते, ते अजून यायचे होते. माय आत चुलीपाशी होती. चुलीच्या उजेडात ती तांदूळ निवडत होती आणि काहीतरी पुटपुटत होती, माणसं एकटी असताना पुटपुटतात तसं.

काका कंदील घेऊन आत गेले. मी त्यांच्या मागे होते. ते खाली बसले, कंदील मधे ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे बाबा गेले."

मायने त्यांच्याकडे पाहिलं. "मामा? कोणते मामा?"

"बाबा, वहिनी. बाबा गेले."

"मामा कोठी गेले? काय म्हणता, दिसून नाही राह्यलं. कंदील वर घ्या बरं."

काकांनी कंदील वर घेतला, पण त्यांना रडू फुटलं होतं. रडणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत, ते वेडेवाकडे होतात. माय पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मग तिने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, कुणीतरी गेलंय एवढं तिला कळलं, आणि माझ्या बाबांनाच तर काही झालं नाही ना, म्हणून ती दाराकडे धावली. तेवढ्यात बाबाच आले. ओसरीवर त्यांना कळलंच होतं. त्यांनी काकांच्या हातातून कंदील घेतला, तो स्वतःच्या तोंडाशेजारी धरला आणि एकेक शब्द तोडून सांगितलं. तिचं गाव आधी सांगितलं, मग नातं.

माय रडली नाही लगेच. तिने चुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अन् मी एवढा येळ तांदूळ निवडून राह्यलते."

त्यानंतर बाबांच्या डोक्यात जनरेटर शिरला.

त्या काळी आमच्यासारख्या घरात जनरेटर असणं ही ऐकीव गोष्टसुद्धा नव्हती. जनरेटर टॉकीजवाल्यांकडे असायचे, खाणींवर असायचे. बाबांना कामावरच्या इंजिनांची, पंपांची सवय होती, म्हणून त्यांना ते अशक्य वाटलं नाही. ते कोणाकोणाला विचारू लागले. आणि त्याच वर्षी कार्तिकात रामपायलीच्या जत्रेत त्यांना तो दिसला.

आम्ही दीक्षा घेतलेली माणसं, देवळात जात नव्हतो; पण जत्रेला सगळेच जायचे, आम्हीही जायचो. नदीकाठी सिनेमाचा तंबू लागला होता. पडद्यासाठी मोठं इंजिन तंबूमागे धडधडत होतं, आणि तिकिटाच्या खिडकीवरच्या दिव्यांसाठी एक लहानसा पेट्रोलचा जनरेटर बाजूला ठेवला होता. फौजेने विकून टाकलेला डिस्पोजलचा माल, हिरवा रंग अजून अंगावर होता. दोघांनी उचलावा एवढा. तंबूवाला म्हातारा धंदा गुंडाळायला निघाला होता.

"साहब, छोटा है, पर बच्चा नहीं है," तो बाबांना म्हणाला. "पाँच-छह बत्ती रात भर खींचेगा. रस्सी खींचो, चालू."

बाबांनी दोरी ओढली. तो फटफटत सुरू झाला आणि खिडकीवरचे दिवे लागले. बाबांनी मायचा हात धरून तिला त्या दिव्याखाली आणलं आणि तिच्यासमोर उभे राहिले. मागे सिनेमाचं इंजिन, पुढे हा जनरेटर, भोवती जत्रेचा गोंगाट. बाबा काय बोलले ते आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही. फक्त मायला कळलं. ती लाजली आणि म्हणाली, "लेकराईसमोर असं बोलतेत का?"

काय बोलले ते दोघांनी कधी सांगितलं नाही. दिवा अगदी स्थिर होता, जरासुद्धा थरथरत नव्हता, हे मात्र मला आठवतं.

तंबूवाल्याने संक्रांतीपर्यंत तो दुसऱ्याला न देण्याचं कबूल केलं. आम्ही घरी आलो. तोवर बाबांचं ठरल्यासारखंच होतं. पण त्यांची सवय अशी, की कुठलंही काम आधी मांडून पाहायचं. मधल्या खोलीत दिव्याखाली सगळे बसलो आणि त्यांनी माझे खेळायचे चिंचोके मागून घेतले. मायलाही दिसावं म्हणून.

"हा एक चिंचोका म्हणजे एक दिवा," ते म्हणाले आणि त्यांनी तीन चिंचोके ठेवले. "सैपाकघर, ही खोली अन् ओसरी. आता बोला, अजून काय पायजे?"

दादा मॅट्रिकला होता. "बाबा, पंखा? उन्हाळ्यात लाइट गेली का पुस्तक धरवत नाही."

बाबांनी एक चिंचोका ठेवला आणि दुसरा अडकित्त्याने फोडून त्याचा अर्धा तुकडा शेजारी ठेवला. "पंख्याले दीड."

"अन् रेडिओ?"

उरलेला अर्धा तिकडे गेला. काकांना इस्त्री हवी होती. कोर्टात चुरगळलेला सदरा घालून जाता येत नाही. इस्त्रीला मूठभर चिंचोके लागले तेव्हा सगळे हसले.

मग आत्या बोलली. ती सहसा काही मागायची नाही. "विहिरीवर मोटर बसवीन म्हणून तू कवापासून सांगून राह्यला, बाबू. दोन्ही एकदमच करून टाक ना. माह्यानं आता दोर ओढवत नाही."

घरचं सगळं पाणी आत्याच ओढायची. मायच्या दुखण्यानंतर तिने मायला दोराला हात लावू दिला नव्हता. बाबांनी तिच्या तळहातांकडे पाहिलं आणि चिंचोके मोजायला घेतले.

"चालती मोटर जास्त खात नाही," ते म्हणाले. "पण सुरू होतानी तिची भूक चौपट असते. गाडी रस्त्यानं चालली का एक बैल पुरते. चिखलातून काढाले चार लागतात. तो चिखलातला जोर पाहूनच मशीन घ्या लागते, नाही तं मोटर गुरगुरत राह्यते अन् दिवेही जातात." असं म्हणून त्यांनी ओंजळभर चिंचोके ओतले. तीन दिवे त्या ढिगाशेजारी अगदीच किरकोळ दिसू लागले.

माय इतका वेळ चिंचोक्यांकडेच पाहत होती. ओठांकडे तिचं लक्ष नव्हतं. "हे एवढं काय मांडलं?" तिने विचारलं. दादाने तिच्यासमोर बसून सांगितलं. तिने समजून घेतलं, मग हात पुढे करून ते पहिले तीन चिंचोके वेगळे काढले आणि आपल्या बाजूला ओढले.

"मले एवढेच पुरतात," ती म्हणाली. "पंख्याबिगर चालते. बाईसाठी मोटर सवडीनं बसवा, दिवसा लाइट असते तवा चालवा. हे आधी आणा."

काका म्हणाले, "वहिनी, एकदाच घ्यायची वस्तू आहे. आज लहान घेतला तं उद्या पस्तावा लागन."

आणि बाबांना ते पटलं. माझ्या मते त्यांना काकांपेक्षाही त्यांच्या खात्याने पटवलं. आजच्या शेतापुरता कालवा खणायचा नसतो, पुढच्या वीस वर्षांचं पाणी धरून खणायचा, हे त्यांनी उभ्या नोकरीत मजुरांना, शिकाऊंना सांगितलं होतं. त्यांनी मायकडे तोंड केलं आणि म्हणाले, "तुह्यासाठीच तं चाललं हे सारं. थोडं थांब. चांगलंच आणतो."

मायने चिंचोके पुन्हा ढिगात सारले.

संक्रांत आली आणि गेली. तो हिरवा जनरेटर लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्या एकाने नेला. पुढच्या लगीनसराईत तो आमच्याच मोहल्ल्यात एका मांडवाबाहेर ठेवलेला दिसला. त्या संध्याकाळी लाइट गेली आणि सगळा मोहल्ला काळा पडला, पण मांडवातले दिवे चालू राहिले. माय एका दिव्याखाली बायकांच्या घोळक्यात बसली. जेवणं झाली, लोक पांगू लागले, तरी ती उठेना. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या म्हशीचं काय, सगळं ती विचारत होती, हसत होती, एकीच्या पाठीत तिने धपाटासुद्धा घातला. बाबा मांडवाबाहेर त्या जनरेटरपाशी उभे राहून वाट पाहत होते. लाउडस्पीकरवाल्याने त्यांना तो चांगला चालतो, कुरकुर नाही, असं काहीतरी सांगितलं. बाबा "हौ" म्हणाले.

मोठा जनरेटर घेण्याचं त्यानंतर दर वर्षी निघायचं आणि दर वर्षी राहायचं. दादाचं शिक्षण मधे आलं. काकांचं लग्न आलं. एका वर्षी गोंदियाला एक मशीन पसंत पडलं, तर काकू शिलाई मशीनला मोटर लावायचं म्हणत होती, तेव्हा ते कमी पडेल म्हणून सोडलं. मागण्या वाढत होत्या आणि त्यातली एकही चुकीची नव्हती. बाबा प्रत्येक वेळी नव्याने मांडणी करायचे. पंख्याचे दोन पंखे झाले. मोटरचा आकडा मात्र तोच राहिला, कारण मोटर आलीच नाही. ती जनरेटरसोबत येणार होती.

मायने मात्र वाट पाहणं सोडून दिलं होतं. लाइट गेली की ती अंथरूण घालून आडवी व्हायची. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, थकत असेल. एकदा मी अंधारात तिच्या पायाला हात लावला, तर ती दचकून उठून बसली. ती झोपलेली नव्हतीच. "कोण हाय?" तिने विचारलं. मी तिचा हात माझ्या वेणीवर ठेवला. "तू हाय का," ती म्हणाली आणि परत पडली. मीही तशीच उठून आले. बोलणार तरी कशी होते?

संध्याकाळची वंदना सकाळवर गेली. सकाळी सगळ्यांना घाई असायची, म्हणून ती कधी दोघांची व्हायची, कधी एकट्या मायची. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

मग माणसं निघाली. दादा भिलाईला नोकरीला लागला. काकांची बदली सिवनीला झाली, काकू आणि पोरं त्यांच्याबरोबर गेली. माझं लग्न होऊन मी गोंदियाला आले. आत्या एका उन्हाळ्यात थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती दोर ओढत होती. ती गेल्यानंतर वर्षभरात नगरपालिकेचा नळ आमच्या अंगणात आला.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी जनरेटर आणला.

वारासिवनी रस्त्यावरच्या एका धानाच्या गिरणीने विजेची मोठी लाइन घेतली होती. तिचं पाच हॉर्सपावरचं जुनं डिझेल इंजिन बाबांना मिळालं. त्याला पट्ट्याने जोडायचा जनरेटर त्यांनी नागपूरहून मागवला. मागच्या अंगणात विटांचा ओटा बांधला, वर पत्रे घातले. त्या खटपटीत ते दहा वर्षांनी लहान झाल्यासारखे दिसत होते, असं शेजारीण सांगत होती. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले, तेव्हा सगळं बसवून झालं होतं. त्यांनी मला पदर धरून ओढावं तसं अंगणात नेलं आणि म्हणाले, "आता दोन मोटरी लाव, पंखे लाव, काहीही लाव. दबणार नाही."

"कोणाले लावू बाबा?" असं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हटलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. बाबांनी हँडल फिरवलं. एवढं मोठं चाक, दम लागून ते दोनदा थांबले. मग इंजिन लागलं आणि सगळं घर खालपासून हादरायला लागलं. फडताळातली भांडी किणकिणू लागली. दिवे लागले. पण ते धडधडीबरोबर फुलायचे आणि मिटायचे, फुलायचे आणि मिटायचे. पत्र्याखालून काळा धूर निघत होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा मिस्त्री आला, त्याने धुराड्यात बोट घालून काजळी पाहिली. "बाबूजी, इंजिनले काम नाही. उपाशी इंजिन असंच धूर टाकते. लोड द्या याले."

म्हणून त्यानंतर लाइट गेली, की बाबा घरभर फिरून सगळे दिवे लावायचे. दादाची खोली, काकांची खोली, आत्या झोपायची ती पडवी. रिकाम्या खोल्यांत पंखे फिरू लागायचे. एवढं करूनही इंजिनचं पोट भरायचं नाही. वेग मधेच वाढायचा, मधेच पडायचा, पट्टा सरकायचा. म्हणून बाबांना त्याच्यापाशी स्टूल टाकून बसावं लागायचं, हातात तेलाचं फडकं घेऊन.

आणि माय आत बसायची. मधल्या खोलीत, दिव्याखाली, भिंतीला पाठ लावून. एवढ्या वर्षांनी संध्याकाळी घरात उजेड होता, आणि तिच्याशी बोलणारं एकुलतं एक माणूस त्या उजेडासाठी बाहेर अडकून पडलं होतं.

मी तिच्यासमोर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं. सासरचं काहीबाही सांगायला मी सुरुवात केली. ती थोडा वेळ मान हलवत होती, मग मी विचारलेलं एक आणि तिने दिलेलं उत्तर दुसरंच, असं होऊ लागलं. मी सावकाश, तोडून बोलले. तिने डोळे चोळले.

"तोंड हालून राह्यलं तुहं," ती म्हणाली. "दिवा हालते, त्याच्यानं. अन् आता मले सवयही नाही राह्यली, बाई. दिवसभर मी अन् तुहे बाबा. ते काय म्हणतीन, ते मले तोंड न पाह्यताच मालूम असते."

"मंग त्याईले सांग ना, बंद करा म्हणून."

ती एकदम माझ्यावर डाफरली. "खबरदार त्याईले काही म्हणशीन तं! किती हौसेनं आणलं त्याईनं."

दिवाळीत दादा आला तेव्हा त्याने बाबांना हे इंजिन किती अवजड आहे, आता शहरात कशी सुटसुटीत मशिनं मिळतात, ते सांगायला सुरुवात केली. बाबा एवढंच म्हणाले, "मांडणी बरोबर होती. माणसं कमी झाली." दादा उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

माझी मुलगी चालायला लागली होती त्या वर्षी बाबांच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी हँडल फिरवायला मनाई केली. इंजिन खैरलांजीकडच्या एका शेतकऱ्याला विकायचं ठरलं. तो बैलगाडी आणि चार माणसं घेऊन आला, तेव्हा मी तिथे होते. त्याला त्यावर नदीचं पाणी उचलून उन्हाळी धान घ्यायचं होतं. त्याने इंजिनभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "लय घासलं तं नाही ना, बाबूजी?"

"नाही," बाबा म्हणाले. "याले कवा पुरतं काम भेटलंच नाही. तुह्याकडे भेटन. पाणी उचलाले एक नंबर हाय हे."

मग त्यांनी त्याला तेल कुठे घालायचं, पट्टा किती ताणायचा, थंडीत सुरू कसं करायचं, सगळं समजावून दिलं. माय ओसरीवर उभी राहून दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. लख्ख दुपार होती. तिला सगळं कळत असावं.

गाडी वळणाआड गेल्यावर बाबा ओसरीवर येऊन बसले. माय त्यांच्यासमोर बसली, पाय मुडपून, अगदी जवळ. मी दारातच थांबले.

"पाह्यलं का," बाबा म्हणाले. "तो लहानाच घ्याले पायजे होता मी. तवाच."

मायने डोळे बारीक केले. प, ब, म असलेले त्यात दोनच शब्द होते, चुकण्यासारखं फार काही नव्हतं. तरी तिने विचारलं, "काय म्हणता?"

बाबांनी पुन्हा सांगितलं नाही. ते म्हणाले, "काही नाही. धान चांगलं होईन त्याचं."

"होईन ना," माय म्हणाली. "पाणी असलं का होतेच."

ती त्यानंतर सहा वर्षं जगली. मी सुटीच्या दिवशी जायची तेव्हा मुद्दाम दिवसा, उन्हात ओसरीवर तिच्यासमोर बसून बोलायची, आणि हळूहळू तिला माझे ओठ पुन्हा कळू लागले. माझ्या मुलीशी तर ती तासन्‌तास बोलायची. पोरीचे दोन दात पडलेले होते, त्याने म्हणे ओठ फार छान दिसायचे. पण संध्याकाळी तिथे थांबायला मला कधी जमलं नाही. गोंदियाची गाडी दिवस मावळायच्या आत सुटायची.